जावामध्ये थ्रेडसाठी काम कसं लिहायचं

थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणारे कामाचे वेगवेगळे धागे, शिकायला घेतले की बहुतेक ठिकाणी पहिला प्रोग्रॅम ठरलेला असतो: थ्रेड क्लासला एक्स्टेंड करा, रन मेथड लिहा, स्टार्ट करा, स्क्रीनवर ओळी उमटताना बघा. प्रोग्रॅम चालतो, पण त्याने लागलेली सवय पुढे बराच काळ नडते. काय करायचं आणि ते कोणत्या थ्रेडवर, कधी करायचं या दोन गोष्टी त्यात एकाच क्लासमध्ये कोंबलेल्या असतात. त्या सुरुवातीपासून वेगळ्या ठेवल्या तर पुढचे निम्मे प्रश्न उद्भवतच नाहीत. म्हणून या लेखात भर थ्रेडपेक्षा कामावर आहे. काम म्हणजे थ्रेडने चालवायचा ऑब्जेक्ट.

कोडमधली नावं इथे उच्चारानुसार दिली आहेत. एडिटरमध्ये ती नेहमीच्या स्पेलिंगनेच टाइप करायची. आपल्या स्वतःच्या क्लासचं नाव मात्र देवनागरीत ठेवलं तरी जावाचा कंपायलर कुरकुर करत नाही, फक्त फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केलेली हवी. शिकताना गंमत म्हणून ठीक आहे. टीमच्या कोडमध्ये असं करायच्या आधी बाकीच्यांना विचारा.

उदाहरण सगळीकडे एकच घेऊ: एका फोल्डरमध्ये मजकुराच्या बऱ्याच फाइली आहेत, प्रत्येकीतल्या ओळी मोजायच्या आणि शेवटी एकूण बेरीज छापायची. जेडीके (जावाचं डेव्हलपमेंट किट) २१ किंवा त्यापुढची आवृत्ती असेल तर सगळं करून बघता येईल. जावा ८ असली तरी शेवटचा थोडा भाग सोडून बाकीचं चालतं. फाइली आठ-दहा तरी घ्या आणि त्यातल्या काही चांगल्या मोठ्या असू द्या. दहा ओळींच्या फाइली घेतल्या तर थ्रेड तयार करण्यातच जास्त वेळ जातो आणि ‘थ्रेड वापरून प्रोग्रॅम हळू झाला’ असा उलटाच निष्कर्ष निघतो.

पायरी १: आधी थ्रेडशिवाय काम लिहा

ओळमोजणी नावाचा क्लास करा. त्यात एकच फील्ड: फाइलचा पाथ, फायनल म्हणून घोषित केलेला. कन्स्ट्रक्टर तो पाथ घेतो आणि ठेवतो, बाकी काही करत नाही. मग एक मेथड, जी फाइल्स क्लासची लाइन्स ही मेथड वापरून फाइल उघडते, ओळींची संख्या लाँग प्रकारात मोजते आणि परत देते.

लाइन्स मेथड स्ट्रीम देते आणि त्या स्ट्रीमच्या मागे फाइल उघडीच असते. म्हणून ती ट्रायच्या कंसात उघडा, म्हणजे काम झाल्यावर आपोआप बंद होईल. एका फाइलला हे विसरलं तर काही बिघडत नाही. हजारो फाइलींवर हेच काम चाललं की ऑपरेटिंग सिस्टीम एका क्षणी आणखी फाइल उघडू देत नाही. तेव्हा येणारा ‘टू मेनी ओपन फाइल्स’ हा एरर पाहून लोक थ्रेडला दोष देत बसतात.

मेनमधून हा ऑब्जेक्ट तयार करा, मेथड थेट बोलवा, उत्तर तपासा. काम एकट्याने बरोबर चालतं याची खात्री होईपर्यंत थ्रेडला हात लावू नका. चुकीचं काम चार थ्रेडवर टाकलं तर चूक शोधणं चौपट अवघड होतं.

या क्लासकडे नीट बघा. त्याला लागणारं सगळं कन्स्ट्रक्टरमधून मिळतं, बाहेरच्या कुठल्याही बदलत्या गोष्टीला तो हात लावत नाही आणि आपण कोणत्या थ्रेडवर चालतो आहोत याचा त्याला पत्ता नाही. चांगल्या कामाची लक्षणं हीच.

पायरी २: रनेबल

थ्रेडला काम द्यायचं म्हणजे त्याला ओळखू येईल अशा रूपात द्यायचं. त्यातलं सर्वांत जुनं रूप म्हणजे रनेबल हा इंटरफेस. जावाची पहिली आवृत्ती १९९६ साली आली तेव्हापासून तो आहे. त्यात एकच मेथड: रन. ती काही घेत नाही आणि काही परत देत नाही.

ओळमोजणी क्लासपुढे ‘इम्प्लिमेंट्स रनेबल’ लिहा, रन मेथड लिहा आणि आतून मोजणीची मेथड बोलवून उत्तर एका फील्डमध्ये ठेवा. कंपाइल करायला गेलात की लगेच तक्रार येईल: आयओ एक्सेप्शन हाताळलेलं नाही. रनेबलच्या रन मेथडला चेक्ड एक्सेप्शन, म्हणजे जे हाताळायची सक्ती कंपायलर करतो ते, बाहेर फेकायची मुभा नाही, त्यामुळे रनवर ‘थ्रोज’ लावून सुटका होत नाही. ते रनच्या आतच पकडावं लागतं.

इथे नवखे लोक कॅचचा ब्लॉक रिकामा ठेवून मोकळे होतात. तसं केलंत तर फाइल सापडली नाही तरी उत्तर शून्य येईल आणि शून्य हे अगदी खरं वाटणारं उत्तर आहे. निदान ते एक्सेप्शन अनचेक्ड आयओ एक्सेप्शनमध्ये गुंडाळून पुन्हा फेका. खरा इलाज पायरी ५ मध्ये येतो.

काम अगदी छोटं असेल तर क्लास न करता लॅम्डा, म्हणजे बिननावाची छोटी मेथड, लिहिता येतो. जावा ८ मध्ये, म्हणजे २०१४ साली, ही सोय आली आणि एकच मेथड असलेला इंटरफेस असल्यामुळे रनेबल त्यात चपखल बसतो. लॅम्डाची एक अट आहे. बाहेरच्या मेथडमधलं लोकल व्हेरिएबल आत वापरायचं असेल तर त्याची किंमत एकदा ठरल्यावर बदललेली चालत नाही. फॉर लूपमधला काउंटर लॅम्डामध्ये वापरला की कंपायलर अडवतो तो यामुळेच. लूपच्या आत नवीन व्हेरिएबल करून त्यात काउंटरची किंमत घ्या आणि ते वापरा. मात्र कंपायलरला गप्प करण्यासाठी एका घराचा ॲरे करून त्यात आकडा ठेवायची जी युक्ती सगळीकडे फिरते, ती वापरू नका. कंपायलर गप्प बसतो, पण तो ज्या धोक्यापासून वाचवत होता तो तसाच राहतो.

पायरी ३: थ्रेडला काम देणं आणि वाट पाहणं

थ्रेडचा ऑब्जेक्ट करताना कन्स्ट्रक्टरमध्ये आपलं काम द्या, शक्य असेल तर दुसरं मूल्य म्हणून नावही द्या, आणि स्टार्ट बोलवा. नाव दिलं नाही तर ‘थ्रेड-०’, ‘थ्रेड-१’ अशी नावं मिळतात. लॉग वाचताना त्यांचा काहीच उपयोग होत नाही.

स्टार्टच्या जागी रन बोलवणं ही सर्वांत जास्त वेळा होणारी चूक. कंपायलर काही बोलत नाही, प्रोग्रॅम चालतो, उत्तरही बरोबर येतं. फक्त नवीन थ्रेड तयारच होत नाही. सगळं मेन थ्रेडवर एकामागून एक चालतं. शंका आली तर रनच्या आत सध्याच्या थ्रेडचं नाव छापा. ‘मेन’ दिसलं की समजा.

एक थ्रेड एकदाच स्टार्ट होतो. तोच थ्रेड ऑब्जेक्ट पुन्हा स्टार्ट केला तर इल्लीगल थ्रेड स्टेट एक्सेप्शन मिळतं, पहिलं काम केव्हाच संपलेलं असलं तरी. कामाच्या ऑब्जेक्टला असं बंधन नाही. तेच काम नव्या थ्रेडला खुशाल द्या.

स्टार्ट केल्यावर मेन थ्रेड थांबत नाही, पुढच्या ओळीवर जातो. तिथेच उत्तराचं फील्ड वाचलं तर बहुधा शून्य दिसेल. आधी त्या थ्रेडवर जॉइन बोलवा. जॉइन दोन गोष्टी करतं: थ्रेड संपेपर्यंत थांबतं, आणि त्या थ्रेडने मेमरीत जे लिहिलं ते आपल्याला दिसेल याची हमी देतं. दुसरी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. ‘काम पूर्ण’ असा एक साधा बूलियन ठेवून व्हाइल लूपमध्ये तो तपासत बसणारा कोड पुष्कळ दिसतो. तो एखाद्या मशिनवर चालेल, दुसऱ्यावर कायमचा अडकून बसेल, कारण त्या बूलियनची नवी किंमत वाचणाऱ्या थ्रेडला कधी दिसेल याची तिथे हमीच नाही.

आता लूपची चूक. फाइलींच्या यादीवर लूप लावून आतच थ्रेड तयार केला, स्टार्ट केला, जॉइन केला, तर पुन्हा सगळं एकामागून एक होतं. पहिल्याची वाट पाहिल्याशिवाय दुसरा सुरूच होत नाही. लूप दोन हवेत: पहिल्यात सगळे स्टार्ट करून यादीत ठेवायचे, दुसऱ्यात सगळ्यांवर जॉइन.

थ्रेड क्लास एक्स्टेंड का करू नये

जावात क्लासला एकच पालक क्लास असतो. तो थ्रेडला देऊन टाकला की दुसरा घेता येत नाही. हे कारण सगळे सांगतात. रोजच्या कोडमध्ये त्यापेक्षा जास्त छळतात ती पुढची दोन.

थ्रेड क्लास स्वतःच रनेबल आहे. त्यामुळे थ्रेड एक्स्टेंड केलेला ऑब्जेक्ट थ्रेड पूलला (पुन्हा पुन्हा वापरायच्या थ्रेडचा साठा, पायरी ५ मध्ये येतो) काम म्हणून दिला तर पूल तो घेतो आणि चालवतोही. पण चालवतो स्वतःच्या थ्रेडवर. आपला ऑब्जेक्ट थ्रेड म्हणून कधी सुरूच होत नाही. आत नुसतं गेट नेम बोलवलं तर ‘थ्रेड-०’ छापलं जातं, प्रत्यक्षात काम ‘पूल-१-थ्रेड-१’ वर चाललेलं असतं. लॉगमध्ये एक नाव, डिबगरमध्ये दुसरं.

दुसरं असं की, थ्रेडची मूळ रन मेथड कन्स्ट्रक्टरमधून मिळालेलं काम चालवते. क्लास एक्स्टेंड करून रन स्वतः लिहिली आणि वर कन्स्ट्रक्टरमध्ये रनेबलही दिला, तर तो रनेबल कधीच चालत नाही. एरर नाही, इशारा नाही. काम जागेवरच राहतं.

याच ओघात आणखी एक: कामाच्या कन्स्ट्रक्टरमध्ये थ्रेड सुरू करू नका. कन्स्ट्रक्टर संपायच्या आत नवा थ्रेड त्या ऑब्जेक्टला हात लावू शकतो आणि त्याला अर्धवट भरलेली फील्ड दिसू शकतात.

पायरी ४: एकाच आकड्यावर सगळ्यांचा हात

फाइलींची एकूण बेरीज हवी म्हणून सगळ्या कामांना एकच एकूण नावाचा सामाईक आकडा दिला आणि प्रत्येक ओळीला तो एकने वाढवला, तर उत्तर चुकतं. तेही दर वेळी वेगळं. करून बघा: दोन थ्रेड, प्रत्येकाने तोच आकडा १ लाख वेळा वाढवायचा. अपेक्षा २ लाखांची. हाती बहुतेक वेळा त्याहून कमी येतं.

‘प्लस प्लस’ दिसतं एक, पण आत तीन टप्पे आहेत: वाचा, एक मिळवा, परत लिहा. समजा आकडा ४१ आहे. पहिल्या थ्रेडने ४१ वाचले. तो लिहायच्या आत दुसऱ्यानेही ४१ वाचले. दोघांनी एक मिळवला, दोघांनी ४२ लिहिले. वाढी दोन झाल्या, आकडा एकनेच सरकला. हे कधी होईल ते ऑपरेटिंग सिस्टीम थ्रेडना कसा वेळ वाटून देते आणि किती कोअर एकाच वेळी चालू आहेत यावर ठरतं. म्हणून हा बग चाचणीत लपतो आणि खऱ्या भाराखाली बाहेर येतो.

त्या आकड्याला व्होलाटाइल लावून काम भागत नाही. व्होलाटाइल ताजी किंमत दाखवतं, पण तीन टप्प्यांचा एक करत नाही.

सिंक्रोनाइज्डने, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणाऱ्या कुलपाने, भागतं, पण ते कुलूप, म्हणजे लॉक, कशावर लावलं आहे ते बघा. प्रत्येक फाइलसाठी ओळमोजणीचा वेगळा ऑब्जेक्ट आहे. रन मेथडला सिंक्रोनाइज्ड लावलं की लॉक ‘धिस’वर लागतं, म्हणजे प्रत्येक कामाचं लॉक वेगळं, आणि कुणी कुणाला अडवतच नाही. कोड सुरक्षित दिसतो आणि आकडा चुकतच राहतो. सगळ्या कामांना एकच सामाईक लॉक ऑब्जेक्ट कन्स्ट्रक्टरमधून द्यावा लागतो.

नुसता आकडाच वाढवायचा असेल तर ॲटॉमिक लाँग सोपं: ते तिन्ही टप्पे अखंड एकात करतं. जावा ८ मधला लाँग ॲडर खूप थ्रेड एकदम तुटून पडले तरी कमी अडखळतो. सामाईक मॅपच हवा असेल तर साधा हॅशमॅप नको, कन्करंट हॅशमॅप घ्या.

तरीही आमची पहिली पसंती यातल्या कशालाच नाही. वाटून घ्यायचा आकडाच ठेवू नका. प्रत्येक कामाने स्वतःपुरतं मोजावं, उत्तर परत द्यावं आणि बेरीज मेन थ्रेडने करावी. लॉकचा प्रश्नच मिटतो. फक्त रनेबल काही परत देत नाही, ही अडचण उरते.

पायरी ५: कॉलेबल आणि फ्यूचर

२००४ साली जावा ५ सोबत कन्करंट नावाचं पॅकेज आलं. जेएसआर १६६ या प्रस्तावातून ते घडलं आणि डग ली त्याचे प्रमुख होते. कॉलेबल हा इंटरफेस त्यातलाच. त्याची मेथड कॉल. ती उत्तर परत देते आणि तिला चेक्ड एक्सेप्शन फेकायची मुभा आहे. रनेबलच्या दोन्ही अडचणी इथे एकदम सुटतात.

ओळमोजणी आता ‘इम्प्लिमेंट्स कॉलेबल’ करा, प्रकार लाँग. पायरी १ मधली मेथड जवळजवळ तशीच कॉल या नावाने बसते. उत्तर साठवायचं फील्ड आणि रनमधला ट्राय-कॅच दोन्ही काढून टाका. क्लासमध्ये पुन्हा एकच फायनल फील्ड उरतं.

थ्रेडचा कन्स्ट्रक्टर कॉलेबल घेत नाही. मध्ये फ्यूचर टास्क नावाचा ऑब्जेक्ट घालून जमवता येतं, पण ते सहसा कुणी हाताने करत नाही. एक्झिक्युटर सर्व्हिस, म्हणजे थ्रेड पूल, हेच आपल्यासाठी करते:

१. एक्झिक्युटर्स क्लासकडून न्यू फिक्स्ड थ्रेड पूल घ्या, आकार ४.
२. लूपमध्ये प्रत्येक फाइलसाठी नवी ओळमोजणी करून सबमिटला द्या. सबमिट लगेच एक फ्यूचर, म्हणजे पुढे येणाऱ्या उत्तराची पावती, परत देतं. ते यादीत ठेवा.
३. दुसऱ्या लूपमध्ये प्रत्येक फ्यूचरवर गेट बोलवा आणि आलेला आकडा बेरजेत मिळवा.
४. पूल बंद करा.

पायरी ३ मधली लूपची चूक इथेही टपलेली असते. सबमिट करून त्याच ओळीत गेट बोलवलं की पूल चारचा असूनही एका वेळी एकच काम चालतं. दोन लूप लिहायचे नसतील तर सगळी कामं यादीत भरून इन्व्होक ऑलला द्या. ते सगळी संपेपर्यंत थांबतं आणि फ्यूचर त्याच क्रमाने देतं ज्या क्रमाने कामं दिली होती.

सबमिटला रनेबलही चालतो आणि कॉलेबलही. लॅम्डा लिहिलात तर कंपायलर त्याच्या आकारावरून ठरवतो: किंमत परत देत असेल तर कॉलेबल, नसेल तर रनेबल. स्लीप असलेला लॅम्डा ‘इंटरप्टेड एक्सेप्शन हाताळा’ म्हणून अडतो आणि शेवटी ‘रिटर्न नल’ लिहिताच कंपाइल होतो, ते यामुळे. एका ओळीने तो रनेबलचा कॉलेबल झालेला असतो.

एक्सेप्शन कुठे जातं

हे एकदा नीट समजून घ्या, पुढचे बरेच तास वाचतील.

साध्या थ्रेडमध्ये रनमधून एक्सेप्शन निसटलं तर तो थ्रेड मरतो, स्टॅक ट्रेस (चूक कुठून आली ते दाखवणारी मेथडची यादी) एरर आउटपुटवर छापला जातो आणि मेन थ्रेड काही झालंच नाही अशा थाटात पुढे जातो. स्टार्टभोवती ट्राय-कॅच लावून ते सापडत नाही, कारण ते दुसऱ्या थ्रेडवर फेकलं गेलेलं असतं. पूलच्या एक्झिक्यूट मेथडने दिलेल्या कामाचंही असंच, फक्त मेलेल्या थ्रेडच्या जागी पूल नवा थ्रेड उभा करतो.

सबमिटचं वेगळं आहे. तिथे एक्सेप्शन फ्यूचरच्या आत जाऊन बसतं. काहीही छापलं जात नाही. गेट बोलवाल तेव्हा ते एक्झिक्युशन एक्सेप्शनच्या वेष्टणात बाहेर येतं आणि मूळ कारण गेट कॉज विचारल्यावर मिळतं. गेट बोलवलंच नाही तर कामाचं काय झालं ते कळायला मार्ग नाही. ‘काम पूलला दिलं, पण चाललंच नाही’ अशी तक्रार आली की आधी बघा: सबमिट वापरलंय आणि फ्यूचर फेकून दिलंय का?

आपल्या उदाहरणात हे सहज दाखवता येतं. फोल्डरमध्ये यूटीएफ-८ नसलेली एखादी जुनी मजकूर फाइल टाका. लाइन्स मेथड यूटीएफ-८ धरून चालते, त्यामुळे न जुळणारी बाइट आली की वाचन अडतं. गेटवर एक्झिक्युशन एक्सेप्शन, त्याच्या आत अनचेक्ड आयओ एक्सेप्शन, त्याच्याही आत मालफॉर्म्ड इनपुट एक्सेप्शन. तीन थर सोलल्यावर खरं कारण. म्हणून कॅचमध्ये नुसता मेसेज छापू नका, पूर्ण ट्रेस छापा. आणि कोणती फाइल होती तेही छापा, कारण ट्रेसमध्ये फाइलचं नाव नसतं.

ठरावीक वेळाने चालणाऱ्या कामांचा पूल आणखी कडक आहे. स्केड्यूल ॲट फिक्स्ड रेटने लावलेल्या कामातून एकदा जरी एक्सेप्शन निसटलं तरी पुढच्या सगळ्या फेऱ्या गुपचूप बंद होतात. अशा कामाच्या आत सगळ्यात बाहेर ट्राय-कॅच हवाच.

पूल किती मोठा, रांग किती लांब

काम सीपीयू खाणारं असेल, म्हणजे गणित, कॉम्प्रेशन, प्रतिमा वगैरे, तर थ्रेड कोअरइतके पुरतात. रनटाइमच्या अव्हेलेबल प्रोसेसर्स मेथडला विचारा. त्याहून वाढवले तर काम वाढत नाही, अदलाबदली वाढते. काम डिस्क किंवा नेटवर्कची वाट पाहत बसणारं असेल तर जास्त थ्रेड उपयोगी पडतात. किती, ते मोजून ठरवा.

फिक्स्ड पूलमध्ये थ्रेड मोजके असतात, पण रांगेला मर्यादा नसते. कामं येण्याचा वेग संपण्याच्या वेगापेक्षा जास्त राहिला तर रांग वाढत वाढत मेमरी संपवते. कॅश्ड पूलचं बरोबर उलटं: रांग नाही, थ्रेडना व्यवहारात मर्यादा नाही, रिकामा थ्रेड ६० सेकंदांनी जातो. शिकताना दोन्ही चालतील. सतत चालणाऱ्या सर्व्हरसाठी थ्रेड पूल एक्झिक्युटर स्वतः तयार करा आणि मर्यादित रांग द्या. त्यातली मेख अशी की कमाल संख्येपर्यंतचे जादा थ्रेड रांग पूर्ण भरल्यावरच तयार होतात. रांग अमर्याद ठेवून कमाल संख्या ५० लिहिली तर ते ५० कधीच दिसत नाहीत. रांगही भरली आणि थ्रेडही संपले की नव्या कामाला रिजेक्टेड एक्झिक्युशन एक्सेप्शन मिळतं. कॉलर रन्स पॉलिसी लावली तर ते काम देणाऱ्याच्याच थ्रेडवर चालतं, आणि देणाऱ्याचा वेग आपोआप कमी होतो.

कामाने त्याच पूलला उपकाम देऊन त्याच्या गेटवर थांबू नये. समजा फोल्डर मोजणारं काम आतल्या प्रत्येक उपफोल्डरसाठी त्याच पूलला काम देतं आणि उत्तराची वाट पाहतं. पूल चारचा आहे. चार फोल्डर चार थ्रेडवर बसले, चौघंही आपापल्या उपकामासाठी थांबले, उपकामं रांगेत, आणि रांगेतलं काम घ्यायला एकही थ्रेड मोकळा नाही. प्रोग्रॅम तिथेच गोठतो. सीपीयू शून्यावर, एररही नाही. आधी सगळ्या फाइलींची सपाट यादी करा आणि मग कामं वाटा. कामाची फोड खरोखरच कामाच्या आतून करायची असेल तर जावा ७ पासूनचा फोर्क जॉइन पूल त्यासाठी बनवलेला आहे.

थांबवणं आणि बंद करणं

पूलचे थ्रेड डीमन, म्हणजे प्रोग्रॅम बंद होताना ज्यांची वाट पाहिली जात नाही असे, नसतात. शटडाउन विसरलात तर मेन संपूनही प्रोग्रॅम बंद होत नाही. शटडाउनचा अर्थ नवीन कामं घेणं बंद, दिलेली पूर्ण होणार. त्यानंतर अवेट टर्मिनेशनला मुदत देऊन थांबा, मुदत उलटली तर शटडाउन नाऊ. जावा १९ पासून पूल ट्रायच्या कंसात उघडता येतो; ब्लॉक संपताना सगळी कामं पूर्ण होईपर्यंत थांबून तो बंद होतो.

गेटला मुदत दिली आणि ती संपली तर टाइमआउट एक्सेप्शन येतं, पण काम मागे चालूच राहतं. ते थांबवायचं असेल तर फ्यूचरवर कॅन्सल, मूल्य ट्रू. त्यानेही काम खाडकन बंद पडत नाही. त्या थ्रेडचा इंटरप्टचा झेंडा उभारला जातो, इतकंच. तो पाहणं कामाचं काम. लांब लूप असेल तर दर फेरीला, किंवा दर हजार ओळींनी, झेंडा तपासा आणि उभा दिसला तर आवरतं घ्या.

स्लीपसारख्या थांबणाऱ्या मेथड स्वतःच झेंडा पाहतात आणि इंटरप्टेड एक्सेप्शन फेकतात. फेकताना झेंडा खाली उतरवतात. ते पकडून पुढे काही केलं नाही तर थांबायची सूचना वाटेत हरवते. कॉलेबल असेल तर एक्सेप्शन तसंच बाहेर जाऊ द्या. रनेबल असेल तर कॅचमध्ये सध्याच्या थ्रेडवर इंटरप्ट पुन्हा बोलवा आणि रनमधून बाहेर पडा.

थ्रेडची स्टॉप मेथड जुन्या कोडमध्ये दिसेल. अर्धवट कामाच्या मध्येच लॉक सोडून देत असल्यामुळे ती १९९८ च्या जावा १.२ पासूनच बाद ठरवलेली आहे. जावा २० पासून ती बोलवली तर अनसपोर्टेड ऑपरेशन एक्सेप्शन मिळतं.

व्हर्च्युअल थ्रेडवर तेच काम

सप्टेंबर २०२३ मधल्या जावा २१ मध्ये व्हर्च्युअल थ्रेड पक्के झाले. नेहमीच्या थ्रेडमागे ऑपरेटिंग सिस्टीमचा एक थ्रेड अडकतो आणि त्याच्या स्टॅकसाठी जागा राखली जाते, ६४ बिट लिनक्सवर सहसा १ एमबी. व्हर्च्युअल थ्रेड त्यामानाने इतके हलके की प्रत्येक कामाला एक नवा दिला तरी चालतो.

बदल करायचा फक्त एका ओळीत: फिक्स्ड पूलच्या जागी न्यू व्हर्च्युअल थ्रेड पर टास्क एक्झिक्युटर. ओळमोजणी क्लासला हात लावावा लागत नाही. फायदा वाट पाहणाऱ्या कामांना होतो. निव्वळ गणिताला नाही, कारण कोअर तेवढेच आहेत. हे थ्रेड पूलमध्ये साठवून पुन्हा वापरायचे नसतात. एका वेळी किती कामांनी डेटाबेसला हात लावावा याला मर्यादा हवी असेल तर सेमाफोर (ठरावीक संख्येलाच आत सोडणारा दरवान) लावा. शिवाय सिंक्रोनाइज्ड ब्लॉकच्या आत थांबलेला व्हर्च्युअल थ्रेड खालचा खरा थ्रेड अडवून धरायचा. जावा २४ मध्ये ती अडचण जवळपास दूर झाली आहे. २१ वरच असाल तर अशा जागी रीएंट्रंट लॉक वापरा.

अडकलं तर

पहिला प्रयोग: कामाची कॉल मेथड युनिट टेस्टमधून थेट बोलवा, ना थ्रेड, ना पूल. तिथेच उत्तर चुकलं तर बग कामात आहे. तिथे बरोबर येतं आणि पूलवर चुकतं, तर कामं आपसात काय वाटून घेतात ते शोधा. स्टॅटिक फील्ड आधी बघा, मग कन्स्ट्रक्टरमधून आलेले सामाईक ऑब्जेक्ट. सिंपल डेट फॉरमॅट हा त्यातला जुना गुन्हेगार: तो स्टॅटिक ठेवून सगळ्या थ्रेडमधून वापरला की तारखा अधूनमधून भलत्याच येतात. त्याच्या जागी डेट टाइम फॉरमॅटर बिनधास्त सामाईक ठेवा.

प्रोग्रॅम गोठला असेल तर जेडीकेसोबत येणाऱ्या जेपीएस या कमांडने प्रोसेसचा क्रमांक काढा आणि जेस्टॅक या कमांडला द्या. प्रत्येक थ्रेड कोणत्या ओळीवर उभा आहे ते दिसेल. लॉकचं डेडलॉक, म्हणजे थ्रेडनी एकमेकांच्या लॉकसाठी कायमचं अडून बसणं, असेल तर जेस्टॅक शेवटी तसं स्पष्ट लिहितं. उपकामाची वाट पाहणाऱ्या पूलचं मात्र तो ओळखत नाही. तिथे पूलचे सगळेच थ्रेड फ्यूचर टास्कच्या गेटवर थांबलेले दिसले की कारण सापडलं. ही यादी वाचताना ‘पूल-१-थ्रेड-३’ ऐवजी ‘ओळमोजणी-३’ दिसावं असं वाटत असेल, तर पूल तयार करतानाच दुसरं मूल्य म्हणून थ्रेड फॅक्टरी द्या आणि नाव तिच्यात ठेवा.